मेट्रिक एककांची अनेक पायऱ्यांची शाब्दिक उदाहरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते आठवीची मुलं, त्यांचे पालक आणि शिष्यवृत्तीची तयारी करून घेणारे शिक्षक पुन्हापुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं कोकणातल्या रोजच्या व्यवहारातली आहेत. बहुतेक मुलांना बेरीज-भागाकार उत्तम येतो. उदाहरण चुकतं ते मधल्या एखाद्या ओळीत एकक लिहायचं राहिल्यामुळे. म्हणून इथे प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलं आहे. कंटाळा आला तरी वहीतही तसंच लिहा.

१. उदाहरण वाचून झालं की सुरुवात कुठून करायची?

शेवटच्या वाक्यापासून. काय विचारलंय आणि उत्तर कोणत्या एककात हवंय, ते आधी समासात लिहून ठेवा: "उत्तर रुपयांत" किंवा "उत्तर लिटरमध्ये". मग दिलेली माहिती एकाखाली एक, एककासकट उतरवा.

उदाहरण: एका बचत गटाने ४ किग्रॅ ५०० ग्रॅ आमसुलं केली. त्यातली ७५० ग्रॅ गटातल्या बायकांनी घरी नेली. उरलेल्यांच्या १२५ ग्रॅमच्या पिशव्या भरल्या आणि एक पिशवी ६० रुपयांना विकली. एकूण किती रुपये आले?

उत्तर रुपयांत हवं. रुपयांसाठी पिशव्या किती ते कळायला हवं, आणि पिशव्यांसाठी उरलेलं वजन. विचार असा शेवटाकडून सुरुवातीकडे येतो, आकडेमोड मात्र सुरुवातीकडून शेवटाकडे जाते:

४ किग्रॅ ५०० ग्रॅ = ४५०० ग्रॅ
४५०० ग्रॅ − ७५० ग्रॅ = ३७५० ग्रॅ
३७५० ग्रॅ ÷ १२५ ग्रॅ = ३० (पिशव्या)
३० पिशव्या × ६० रु. = १८०० रु.

तिसरी ओळ नीट बघा. ग्रॅमला ग्रॅमने भागलं, म्हणून ग्रॅम गेले आणि नुसती संख्या उरली. ३० च्या पुढे "ग्रॅ" लिहिणारी मुलं पुढच्या ओळीत हमखास अडखळतात.

२. रूपांतराचं कोष्टक किती पाठ हवं?

फार नाही. किलो, हेक्टो, डेका, मग मूळ एकक, मग डेसी, सेंटी, मिली हा क्रम पाठ असावा. प्रत्येक पायरी दहाची. व्यवहारातल्या उदाहरणांना त्यातले मोजकेच संबंध लागतात: १ किमी = १००० मी, १ मी = १०० सेमी, १ सेमी = १० मिमी, १ किग्रॅ = १००० ग्रॅ, १ क्विंटल = १०० किग्रॅ, १ टन = १००० किग्रॅ, १ लि = १००० मिली = १००० घसेमी (घन सेंटीमीटर), १ घमी (घन मीटर) = १००० लि, १ हेक्टर = १०० आर = १०,००० चौमी (चौरस मीटर). क्षेत्रफळाचे आणि घनफळाचे संबंध पाठ करण्यापेक्षा तयार करता आले तर जास्त उपयोगी (प्रश्न ९).

३. गुणायचं की भागायचं, दर वेळी गोंधळ होतो. काही पक्की खूण आहे का?

आहे. मोठ्या एककातून लहान एककात जाताना आकडा वाढतो, लहानातून मोठ्यात जाताना आकडा कमी होतो. मूळ माप तेवढंच राहतं, लहान एककं जास्त लागतात एवढंच.

त्याहून भक्कम पद्धत म्हणजे एककं अपूर्णांकात मांडून काटणं. बागेकडे येणारा पाट ३.६ किमी लांब आहे, तर मीटरमध्ये किती?

३.६ किमी × (१००० मी ÷ १ किमी) = ३६०० मी

वरचं किमी खालच्या किमीने कटलं. अपूर्णांक उलटा मांडला असता तर ३.६ किमी × (१ किमी ÷ १००० मी) झालं असतं. वर किमी दोनदा आणि खाली मीटर. असं एकक प्रश्नात कुणी मागितलेलंच नाही, म्हणजे मांडणी चुकली हे आकडेमोडीच्या आधीच कळतं. "दशांशचिन्ह तीन घरं सरकव" ही युक्ती मुलांना लवकर येते, पण ती कोणत्या बाजूला हे विसरलं की सावरायला काही उरत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: सहावीपासून पुढे एककं काटण्याचीच सवय लावा.

४. सव्वा, पाऊण, पावणेतीन, अडीचशे या शब्दांचे आकडे कसे करायचे?

शब्दाचा आकडा करणं ही स्वतंत्र पायरी समजा आणि तिथेच लहान एककात लिहा. किलो किंवा लिटर धरले तर पाव = २५०, अर्धा = ५००, पाऊण = ७५०, सव्वा = १२५०, दीड = १५००, पावणेदोन = १७५०, सव्वादोन = २२५०, अडीच = २५००, पावणेतीन = २७५०, साडेतीन = ३५००.

चुका दोन ठिकाणी होतात. "पावणेतीन" मध्ये तीन ऐकू येतात म्हणून ३.२५ लिहिलं जातं. पावणे म्हणजे पाव कमी, उत्तर २.७५. आणि "शे" लागला की हीच गणना शंभराची होते: सव्वाशे ग्रॅम = १२५ ग्रॅ, पावणेदोनशे = १७५, अडीचशे = २५०. सव्वा किलो आणि सव्वाशे ग्रॅम यांत दहापटीचा फरक आहे.

उदाहरण: सोलकढीसाठी सव्वा लिटर नारळाचं दूध, पावणेदोन लिटर पाणी आणि पाव लिटर आगळ (कोकमाचा रस) घेतलं. १३० मिलीच्या किती वाट्या भरतील?

१२५० मिली + १७५० मिली + २५० मिली = ३२५० मिली
३२५० मिली ÷ १३० मिली = २५ वाट्या

५. ५ किलो ५० ग्रॅम म्हणजे ५.५ किलो की ५.०५ किलो?

५.०५० किलो. किलोच्या दशांशचिन्हानंतर ग्रॅमसाठी तीन घरं असतात, कारण १ किग्रॅ = १००० ग्रॅ. ५० ग्रॅम ती तीन घरं भरतात ०५० असे. मासळीबाजारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १.०५० दिसलं तर पापलेट एक किलो पन्नास ग्रॅम आहे, १.५०० दिसलं तर दीड किलो. एका शून्याच्या जागेवर साडेचारशे ग्रॅमचे पैसे अवलंबून असतात.

मीटर-सेंटीमीटरला दोन घरं (३ मी ७ सेमी = ३.०७ मी), लिटर-मिलिलिटरला तीन (२ लि ५ मिली = २.००५ लि), रुपये-पैशांना दोन.

वजाबाकीत हातचा घेतानाही हेच लक्षात ठेवा. ५ किग्रॅ ५० ग्रॅ मधून २ किग्रॅ ३०० ग्रॅ वजा करायचे तर १ किग्रॅचा हातचा १००० ग्रॅम होऊन येतो: १०५० − ३०० = ७५० ग्रॅ, ४ − २ = २ किग्रॅ. उत्तर २ किग्रॅ ७५० ग्रॅ. १०० चा हातचा घेणाऱ्यांची वजाबाकी इथे अडते.

६. रूपांतर आधी करायचं की शेवटी?

बेरीज-वजाबाकी असेल तर आधीच. वेगळ्या एककांची बेरीज होत नाही, दुसरा पर्याय नाही. भागाकारात दोन्ही आकडे एकाच जातीचे असतील (वजनाला वजनाने, लांबीला लांबीने) तरीही आधी. नुसता गुणाकार असेल तर शेवटी केलं तरी चालतं.

कोणत्या एककात? उदाहरणातल्या सर्वांत लहान एककात आणलं की दशांशचिन्ह बहुतेक वेळा निघूनच जातं.

उदाहरण: १०० मीटरच्या दोराच्या गुंडाळीतून जाळ्यासाठी ८ मी ४० सेमीचे ६ तुकडे आणि १ मी २५ सेमीचे १२ तुकडे कापले. किती दोर उरला?

८४० सेमी × ६ = ५०४० सेमी
१२५ सेमी × १२ = १५०० सेमी
१०,००० सेमी − ६५४० सेमी = ३४६० सेमी = ३४ मी ६० सेमी

याला मर्यादा आहे. गावांमधली अंतरं किलोमीटरमध्ये आणि एखादाच आकडा मीटरमध्ये असेल तर सगळं मीटरमध्ये आणून शून्यांची रांग लावण्यापेक्षा त्या एका आकड्याचे किलोमीटर करा.

७. मी, मि, मिमी, मिली: घाईत लिहिताना हे एकमेकांत मिसळतात. काय करावं?

दीर्घ "मी" मीटरचा आणि ऱ्हस्व "मि" मिनिटाचा, हा भेद घाईच्या अक्षरात टिकत नाही. वेग-अंतराच्या उदाहरणात मिनिट हा शब्द पूर्ण लिहा. "मिमी" आणि "मिली" यांतही म आणि ल स्पष्ट काढा. उत्तराच्या ओळीत तर एककाचं पूर्ण नाव लिहिणंच बरं.

८. पेटीचं किंवा क्रेटचं वजन धरायचं की सोडायचं?

"भरलेल्या" किंवा "एकूण वजन" असे शब्द आले की रिकाम्या भांड्याचं वजन आधी वजा करायचं. दुकानदार धडा करतो (रिकाम्या भांड्याइतकं वजन दुसऱ्या पारड्यात आधीच टाकतो) तो याचसाठी. आणि क्रेट जितके, तितक्या वेळा वजा करायचं. इथे एकदाच वजा करण्याची चूक फार होते.

उदाहरण: हापूसने भरलेल्या २० क्रेटचं एकूण वजन ४.३६ क्विंटल भरलं. रिकामा क्रेट १ किग्रॅ ८०० ग्रॅमचा आहे. एक आंबा सरासरी २५० ग्रॅमचा आणि क्रेटचं भाडं प्रत्येकी १५ रुपये, तर एकूण किती डझन आंबे?

४.३६ क्विंटल × १०० = ४३६ किग्रॅ
१.८०० किग्रॅ × २० = ३६ किग्रॅ
४३६ किग्रॅ − ३६ किग्रॅ = ४०० किग्रॅ = ४,००,००० ग्रॅ
४,००,००० ग्रॅ ÷ २५० ग्रॅ = १६०० आंबे
१६०० ÷ १२ = १३३ डझन आणि ४ आंबे

भाड्याचे १५ रुपये कुठेच लागले नाहीत. शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेत अशी जास्तीची माहिती मुद्दाम देतात. उत्तराचं एकक समासात लिहिलेलं असेल (प्रश्न १) तर असा आकडा उगाच आत शिरत नाही.

९. चौरस मीटरचे चौरस सेंटीमीटर करताना १०० ने गुणलं तर उत्तर चूक का येतं?

कारण १ मीटर बाजूच्या चौरसात एका ओळीत १ सेमीचे १०० चौरस बसतात आणि अशा १०० ओळी होतात. १०० × १०० = १०,०००. घनाला आणखी शंभर थर: १ घमी = १०,००,००० घसेमी.

उदाहरण: पडवी ४.५ मी × २.४ मी आहे. ३० सेमी × ३० सेमीच्या किती फरश्या लागतील?

क्षेत्रफळ = ४.५ मी × २.४ मी = १०.८ चौमी = १,०८,००० चौसेमी
एक फरशी = ९०० चौसेमी
१,०८,००० ÷ ९०० = १२० फरश्या

१०० ने गुणणाऱ्याला १०८० ÷ ९०० = १.२ फरशी मिळते. अख्ख्या पडवीला सव्वा फरशीही नाही! हा धोका टाळायचा सोपा मार्ग म्हणजे क्षेत्रफळ काढण्याआधीच लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये आणणं: ४५० ÷ ३० = १५ फरश्यांची ओळ, २४० ÷ ३० = ८ ओळी, १५ × ८ = १२०. रुंदी नेमकी न बसली तर काय, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

१०. पाऊस मिलिमीटरमध्ये आणि टाकी लिटरमध्ये. यांचा मेळ कसा घालायचा?

पावसाचा मिलिमीटर म्हणजे सपाट जागेवर पाणी साचून राहिलं असतं तर त्याची जी उंची झाली असती ती. १ चौमी जागेवर १ मिमी पाणी:

१ चौमी × ०.००१ मी = ०.००१ घमी = १ लिटर

म्हणून चौरस मीटर गुणिले मिलिमीटर केलं की थेट लिटर मिळतात. कोकणात हा संबंध प्रत्येक मुलाला यायला हवा, इतका तो उपयोगाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली. याचा अर्थ प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर, जवळजवळ एक टन पाणी.

उदाहरण: कौलारू घराने १२ मी × ८ मी जागा झाकली आहे. एका दिवसात ८५ मिमी पाऊस झाला. पन्हळीतून ८० टक्के पाणी टाकीत येतं. टाकी २ मी लांब, १.५ मी रुंद, १.८ मी खोल आणि रिकामी आहे. किती पाणी वाहून जाईल?

१२ मी × ८ मी = ९६ चौमी
९६ चौमी × ८५ मिमी = ८१६० लि
८१६० लि × ०.८ = ६५२८ लि
टाकी: २ × १.५ × १.८ = ५.४ घमी = ५४०० लि
६५२८ लि − ५४०० लि = ११२८ लि वाहून जाईल

कधीकधी प्रश्नात छपराच्या उताराची लांबी दिलेली असते. ती वापरू नका. पाऊस वरून सरळ पडतो असं गणितात धरतात, त्यामुळे छपराने जमिनीवर जेवढी जागा झाकली तेवढंच क्षेत्र धरायचं. उतार कितीही वाढवला तरी पाणी वाढत नाही.

११. १ तास ४५ मिनिटं म्हणजे १.४५ तास का नाही?

तासाची मिनिटं साठ आहेत, शंभर नाहीत. ४५ ÷ ६० = ०.७५, म्हणून १.७५ तास. मेट्रिक मापांच्या उदाहरणात वेळ हा एकच भाग दशमान नसतो, आणि सगळं दशांशचिन्हाने सुटतं या सवयीने चूक होते.

उदाहरण: विहिरीचा व्यास ३.५ मी, पाण्याची खोली ४ मी. पंप सेकंदाला ३.५ लिटर पाणी उपसतो. झऱ्याचं पाणी धरू नका. विहीर किती वेळात रिकामी होईल?

त्रिज्या = १.७५ मी (व्यासाची निम्मी, ही पायरी गाळली तर उत्तर चौपट येतं)
२२/७ × १.७५ × १.७५ × ४ = ३८.५ घमी = ३८,५०० लि
३८,५०० ÷ ३.५ = ११,००० सेकंद
११,००० ÷ ६० = १८३ मिनिटं, बाकी २० सेकंद
१८३ मिनिटं = ३ तास ३ मिनिटं

उत्तर ३ तास ३ मिनिटं २० सेकंद. शेवटचे भागाकार बाकी ठेवून करा. कॅल्क्युलेटरवर १८३.३३ येतं आणि मुलं त्याचं १८३ मिनिटं ३३ सेकंद करून टाकतात.

१२. गाडी, बोगदा आणि पूल या उदाहरणांत गाडीची लांबी का मिळवायची? आणि ५/१८ कुठून येतं?

इंजिन बोगद्यात शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर येईपर्यंत इंजिन बोगद्याची लांबी अधिक स्वतःच्या गाडीची लांबी एवढं अंतर कापतं. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे ६.५ किमी लांब आहे. ५०० मीटर लांबीची गाडी ताशी ६० किमीने गेली तर:

६.५ किमी + ०.५ किमी = ७ किमी
ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १ किमी, म्हणून ७ मिनिटं

इथे सेकंदांत जायची गरजच नव्हती. आकडे बघून एकक निवडा.

आता रत्नागिरीजवळचाच पानवलचा पूल, लांबी ४२४ मी. ३७६ मीटरची गाडी ताशी ४८ किमीने तो पूर्ण ओलांडायला किती वेळ घेईल? अंतर ४२४ + ३७६ = ८०० मी. वेग मीटर-सेकंदात आणायचा तर १ किमी = १००० मी आणि १ तास = ३६०० सेकंद; १०००/३६०० ला संक्षेप दिला की ५/१८ होतं. ४८ × ५/१८ = ४०/३ मी प्रति सेकंद. ८०० ÷ ४०/३ = ६० सेकंद. मधे ४०/३ चे १३.३ केले असते तर उत्तर ६०.१५ आलं असतं. अपूर्णांक शेवटपर्यंत तसाच ठेवा. पुलाची ६४ मीटर उंची एखाद्या प्रश्नात दिली असेल तर ती जास्तीची माहिती आहे.

१३. उत्तर पूर्णांकात आलं नाही तर वरचा आकडा घ्यायचा की खालचा?

हे गणितावर नाही, वस्तूवर ठरतं. विकत आणायच्या वस्तू (फरश्या, डबे, गाडीच्या फेऱ्या) वरच्या आकड्यावर न्या. भरून तयार होणाऱ्या वस्तू (पिशव्या, बाटल्या, लावता येणारी झाडं) खालच्यावर. पैसे पैशांपर्यंत.

प्रश्न ९ मधली पडवी २.४ ऐवजी २.५ मी रुंद असती तर? २५० ÷ ३० = ८ ओळी आणि १० सेमीची पट्टी उरते. एका फरशीतून एकच पट्टी काढून बाकी तुकडा टाकून दिला तर ९ ओळी, म्हणजे १५ × ९ = १३५ फरश्या. एका फरशीतून १० सेमीच्या तीन पट्ट्या काढल्या तर १५ पट्ट्यांना ५ फरश्या, म्हणजे १२० + ५ = १२५. क्षेत्रफळाने भागूनही १२५ च येतात (१,१२,५०० ÷ ९००). प्रश्नात "तुकडे वापरता येतात" असं म्हटलंय का ते वाचा. प्रत्यक्षात गवंडी तुटफुटीसाठी चार फरश्या जास्त मागतो, तेही बरोबरच आहे.

१४. उत्तर बरोबर आहे का, हे पुस्तकामागचं उत्तर न बघता कसं ओळखायचं?

ओळखीच्या मापांशी ताडून. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किग्रॅ गॅस असतो. आपल्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिमी, म्हणजे दीड मीटरहून थोडं जास्त. मध्यम हापूस पाव किलोच्या आसपास. विहिरीत ३८ लिटर पाणी किंवा आंबा २५ किलोचा निघाला तर हजाराची किंवा शंभराची चूक झाली आहे. रूपांतराची ओळ परत बघा. नंतर उलट ताळा: १८०० रु. ÷ ६० = ३०, ३० × १२५ ग्रॅ = ३७५० ग्रॅ, अधिक ७५० ग्रॅ = ४५०० ग्रॅ. मूळ आकडा परत मिळाला.

१५. लिटरचे किलो करायचे असतील तर? १ लिटर म्हणजे १ किलोच ना?

फक्त पाण्यासाठी. इतर द्रवांसाठी घनता लागते आणि ती प्रश्नात दिलेली असते. खोबरेल तेल एका लिटरला साधारण ०.९२ किग्रॅ भरतं, समुद्राचं पाणी साधारण १.०२५ किग्रॅ. म्हणून १५ लिटर खोबरेल तेल १३.८ किग्रॅ असतं, आणि १५ किग्रॅ तेल १५ ÷ ०.९२ = सुमारे १६.३ लिटर. डब्यावर किलो छापलंय की लिटर, हे वाचल्याशिवाय दोन डब्यांच्या भावाची तुलना करू नका.

घनतेच्या आकड्याबरोबर तिचं एककही लिहायचं, याचा सर्वांत मोठा दाखला १९८३ चा आहे. कॅनडातल्या एका बोइंग ७६७ विमानाला प्रवासासाठी २२,३०० किलो इंधन हवं होतं आणि टाकीत ७,६८२ लिटर होतं. लिटरचे किलो करताना १.७७ हा आकडा वापरला गेला, पण तो लिटरला किती पौंड याचा होता. किलोसाठी तो सुमारे ०.८० हवा होता. १.७७ ने हिशेब केला तर ४,९०० च्या आसपास लिटर भरावे लागतात, खरी गरज होती २०,००० लिटरहून जास्त. वाटेत हवेतच इंधन संपलं. वैमानिकांनी बंद इंजिनांनिशी विमान तरंगवत गिम्ली इथे उतरवलं आणि सगळे वाचले. गुणाकार-भागाकार बरोबर होते, आकड्याचं एकक चुकीचं होतं.

१६. गुंठा आणि आर एकच का? सातबाऱ्यावरचा आकडा कसा वाचायचा?

जवळपास सारखे, पण एक नाहीत. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट = १०८९ चौफूट = १०१.१७ चौमी. आर म्हणजे नेमके १०० चौमी. ४० गुंठ्यांचा एकर ४०४६.८६ चौमी होतो, ४० आर ४००० चौमी. फरक जवळपास ४७ चौमी, एका लहान घराइतकी जागा. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ मध्येच झाला असला तरी बोलण्यात गुंठा आहे आणि राहील. म्हणून उदाहरणात गुंठे आले की पहिल्याच ओळीत त्यांचे चौमी करून टाका.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौमी असं तीन भागांत असतं. ०.४५.५० म्हणजे ० हेक्टर ४५ आर ५० चौमी = ४५०० + ५० = ४५५० चौमी. दोन टिंबं दिसली की तो दशांश अपूर्णांक नाही. ०.०५.२० म्हणजे ५२० चौमी. इथलं ०५ मधलं शून्य विसरलं की दहापट जमीन होते.

उदाहरण: या ०.४५.५० क्षेत्रात ७.५ मी × ७.५ मी अंतरावर नारळ लावायचे. साधारण किती झाडं?

एका झाडाला ७.५ × ७.५ = ५६.२५ चौमी
४५५० ÷ ५६.२५ = ८०.८…, म्हणून ८० झाडं

खालचा आकडा का, ते प्रश्न १३ मध्ये आहे. जमीन वेडीवाकडी असेल तर कडेची काही झाडं आणखी कमी होतात. प्रश्नात आकार दिला नसेल तर ते धरायचं नाही.

१७. सागरी मैल, वाव, ब्रास: ही मापं मेट्रिक नाहीत, तरी उदाहरणात येतात. मग?

आधी रूपांतर, मग उदाहरण. क्रम उलटा करू नका.

सागरी मैल = १.८५२ किमी. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. "ताशी ८ नॉट" म्हणू नका, तास त्यात आलेलाच आहे. ट्रॉलर ८ नॉटने दीड तास गेला तर ८ × १.५ = १२ सागरी मैल, १२ × १.८५२ = २२.२२४ किमी. हीच प्रादेशिक समुद्राची १२ सागरी मैलांची हद्द.

खोली वावात सांगतात. गणितात एक वाव सुमारे १.८३ मी धरला तर १५ वाव = सुमारे २७.४५ मी. वाव मूळचा पसरलेल्या हातांनी मोजायचा, त्यामुळे उत्तर सेंटीमीटरपर्यंत नेऊ नका. "सुमारे २७ मी" पुरे.

ब्रास = १०० घनफूट = सुमारे २.८३ घमी. ३ ब्रास वाळू अंगणात १० सेमी जाडीने पसरली तर किती जागा भरेल?

३ × २.८३ घमी = ८.४९ घमी
१० सेमी = ०.१ मी
८.४९ घमी ÷ ०.१ मी = ८४.९ चौमी

घनमीटरला मीटरने भागलं की चौरस मीटर उरतात. जाडीचे सेंटीमीटर तसेच ठेवून १० ने भागणाऱ्याला ०.८४९ मिळतं, आणि त्यापुढे तो "चौमी" लिहून मोकळा होतो. घमी ÷ सेमी हे प्रश्न ३ सारखं मांडून बघितलं असतं, तर एकक कटत नाही हे तिथेच दिसलं असतं.